टर्न-बेस्ड मोहिमेला फाटे किती आणि ते पुन्हा जोडायचे कुठे?

मोहरा

बॅटल फॉर वेसनॉथसाठी (षटकोनांच्या नकाशावर आळीपाळीने चाली करायचा युद्धखेळ) मोहीम, म्हणजे एकामागून एक मिशनांची कथा, लिहायला घेतली आहे. आराखडा असा: पहिल्या मिशनमध्ये नदीवरचा पूल राखायचा की जाळायचा हे खेळाडू ठरवतो आणि तिथून कथा दोन वाटांनी जाते. पुढे प्रत्येक मिशनच्या शेवटी पुन्हा दोन पर्याय. एका खेळात आठ मिशनं झाली पाहिजेत.

फाटे किती ठेवावेत, ते परत एकत्र कुठे आणावेत, आणि मिशन हरल्यावर मोहीम थांबवण्याऐवजी वेगळ्या वाटेने नेता येते का, हे विचारायचं आहे. कोड जमतो, मुद्दा आखणीचा आहे.

अडीचघर

आधी हिशोब. आठ पातळ्या, दर वेळी दोन वाटा, जोड कुठेच नाही: १ + २ + ४ + … + १२८ = २५५ नकाशे. खेळाडू त्यातले आठ बघणार. हा आराखडा कागदावरच सोडून द्या.

आता दुसरा: १-२-१-३-१-२-१. एक समाईक मिशन, मग दोनांतलं एक, परत समाईक, मग तिनांतलं एक, असं. नकाशे अकरा, एका खेळात सात, आणि मार्ग २ × ३ × २ म्हणजे बारा. बनवलेल्या अकरांपैकी सात प्रत्येकाच्या वाट्याला येतात, म्हणजे मेहनत वाया जात नाही.

मोठ्या स्टुडिओंनाही हेच परवडतं. स्टारक्राफ्ट २: विंग्स ऑफ लिबर्टीमध्ये (२०१०) एकूण २९ मिशनं आहेत, एका खेळात २६ मिळतात. तीन ठिकाणी निवड, प्रत्येक निवडीमागे एकच जादा नकाशा. त्यातली शेवटची निवड नीट बघा. शत्रूचं बोगद्यांचं जाळं उद्ध्वस्त केलं तर अखेरच्या मिशनमध्ये तो हवेतून येतो. हवाई तळ पाडला तर बोगद्यांतून येतो. मिशन तेच, पण बचाव पूर्ण वेगळा रचावा लागतो. नवा नकाशा न बनवता निवडीला वजन आलं.

आठच मिशनं हवी असतील तर १-२-१-३-१-२-१-१ करा. शेवटचं समाईक ठेवायचं आणि त्याची शत्रूसेना फ्लॅगवर (आधीच्या निवडीची साठवलेली खूण) बदलायची.

षटकोन

अडीचघर यांचा आराखडा बरोबर, पण बहुतेक मोहिमा फाट्यावर बिघडत नाहीत, जोडावर बिघडतात. दोन वाटांनी आलेले दोन खेळाडू एकाच नकाशावर उभे राहतात तेव्हा त्यांच्या खिशात आणि फौजेत काय फरक आहे हे कुणी मोजलेलंच नसतं.

वेसनॉथचंच उदाहरण घेऊ. शिल्लक गोल्ड आणि लवकर संपवल्याचा बोनस यांच्या बेरजेचे ८० टक्के पुढे जातात (हे मूळ सेटिंग). बोनस दर उरलेल्या टर्नमागे: नकाशावरची गावं गुणिले गावाचं उत्पन्न, अधिक मूळ उत्पन्न २. समजा १२ गावं, दर गावाला २ गोल्ड. म्हणजे टर्नला २६.

पहिली वाट, पूल जाळला: मिशन सहा टर्न आधी संपलं, हातात १८० गोल्ड. १८० + १५६ = ३३६, त्याचे ८० टक्के सुमारे २६९.

दुसरी वाट, पूल राखला: शेवटच्या टर्नपर्यंत झुंज, हातात ४०. त्याचे ३२. पण पुढच्या मिशनचं किमान गोल्ड १५० ठेवलंय, आणि यातलं जे जास्त ते मिळतं, म्हणून १५०.

फरक ११९ गोल्डचा. १४ गोल्डला एक भालाईत धरला तर आठ भालाईत. जोडाच्या मिशनमध्ये एक खेळाडू जांभया देणार आणि दुसरा चौथ्या टर्नला मरणार. वर लेखकाला वाटणार की नकाशा अवघड झालाय, मग तो शत्रूचं गोल्ड कमी करणार, आणि पहिल्या खेळाडूसाठी मिशन आणखीच पुचाट होणार.

उपाय: जोडाच्या ठीक आधीच्या मिशनांत कॅरीओव्हर (पुढे जाणाऱ्या गोल्डचा वाटा) ८० वरून ४० टक्क्यांवर आणा. ३३६ चे १३४ होतात, किमान १५० लागू होतं, दोघेही १५० वर. लवकर जिंकल्याचं बक्षीस गोल्डऐवजी दुसऱ्या कशात द्या: एखादी वस्तू, एखादा साथीदार, पुढच्या नकाशावर आधीच ताब्यात असलेली दोन गावं. जोडाच्या मिशनच्या प्रीस्टार्ट इव्हेंटमध्ये (मिशन सुरू होण्याआधी चालणारा कोड) गोल्ड १७० ते २४० च्या पट्ट्यात बसवणं हाही मार्ग आहे. मला पहिला जास्त पटतो, कारण त्यात खेळाडूने आकड्यात पाहिलेलं गोल्ड नंतर गुपचूप गायब होत नाही.

फौजेचंही तेच. एका वाटेवर घोडदळ मिळालं आणि दुसरीवर तिरंदाज, तर जोडाचा नकाशा नुसत्या जंगलाचा असून चालणार नाही. लॉयल युनिटांकडे विशेष लक्ष. त्यांचा पोसण्याचा खर्च शून्य असतो, त्यामुळे एका फाट्यावर तीन लॉयल दिले की त्या फाट्याचं उत्पन्न मोहीम संपेपर्यंत वाढून बसतं. दोन्ही फाट्यांवर लॉयलची संख्या सारखी ठेवा, जात वेगळी.

जुनासेव्ह

हरल्यावर वेगळी वाट, यावर.

कल्पना जुनी आहे. विंग कमांडरमध्ये (१९९०) जिंकणाऱ्यांची आणि हरणाऱ्यांची अशा दोन बाजूंनी मोहीम सरकते. पॅन्झर जनरलमध्ये (१९९४) निकाल तीन प्रकारचे: मोठा विजय, छोटा विजय, पराभव. किती टर्नमध्ये जिंकलात यावरून पुढची लढाई ठरते. पश्चिमेत लवकर आणि मोठं यश मिळवलं तर इंग्लंडवर उतरायची संधी येते.

कागदावर झकास. अडचण खेळाडूच्या वागण्यात आहे. "पराभव" हा शब्द दिसला की तो जुनं सेव्ह उघडतो. हरण्याच्या वाटेवर घातलेली महिनोन्महिन्यांची मेहनत मग कुणी पाहतच नाही. सेव्ह करायची मुभा काढून घेणं हा उपाय नव्हे, तो सूड आहे.

जे चालतं ते असं. पराभव मिशनच्या शेवटी जाहीर करू नका, मध्येच उद्दिष्ट बदला. किल्ल्याची तटबंदी पडली: "किल्ला राखा" पुसून "दहा टर्नमध्ये किमान सहा युनिटं दक्षिणेच्या खिंडीतून बाहेर काढा" असं लिहा. खेळाडूच्या हाती लगेच नवं काम येतं आणि ते त्याला जिंकता येतं. हरण्याचा फाटा आखूड ठेवा, एक किंवा फार तर दोन मिशनं, आणि त्यात असं काहीतरी द्या जे जिंकणाऱ्याला मिळत नाही. गोल्ड देऊ नका, नाहीतर लोक मुद्दाम हरतील. शत्रूच्या छावणीची माहिती किंवा पुढच्या नकाशावरची चोरवाट द्या.

दुसरं, फाटा एका फाशावर ठेवू नका. "सरदार वाचला तर ही वाट, मेला तर ती" असं असेल तर ७० टक्क्यांचा फटका चुकला की सेव्ह उघडलंच. त्यापेक्षा साठत जाणारी अट घ्या: पाचपैकी तीन गावं बाराव्या टर्नला तुमच्याकडे आहेत का? एक गाव गेलं म्हणून कुणी मागे जात नाही. आणि ही अट उद्दिष्टांच्या यादीत लिहा. लपवलेली अट म्हणजे खेळाडूच्या नजरेत नशीब.

वेसनॉथमध्ये एक खाच आहे. एंडलेव्हलमध्ये (मिशन संपवणारी आज्ञा) निकाल "डिफिट" दिला की मोहीम तिथेच संपते, नेक्स्ट सिनॅरिओकडे, म्हणजे पुढच्या मिशनच्या नावाकडे, कुणी बघत नाही. कथेत हार असली तरी कोडमध्ये निकाल "व्हिक्टरी"च द्यावा लागतो. सेनापती पडल्यावरही खेळ चालू ठेवायचा असेल तर त्या बाजूची डिफिट कंडिशन "नेव्हर" करा.

तिरकाउंट

सगळं वाचलं, पण थोडा विरोध नोंदवतो. दर दुसऱ्या मिशनला जोड आला की खेळाडूला तिसऱ्या फेरीपर्यंत कळतं की आपण काहीही निवडलं तरी त्याच दारातून आत जाणार आहोत. मग तो निवडीचा मजकूर वाचायचंच सोडतो.

त्यापेक्षा मोहिमेत एकच मोठा फाटा ठेवा, पण लांब. फायर एम्ब्लेमच्या २००४ च्या सेक्रेड स्टोन्समध्ये आठव्या प्रकरणानंतर बहीण-भावापैकी एकाची वाट धरायची, पंधराव्याला दोघं भेटतात. मधली सहा प्रकरणं पूर्ण वेगळी. आपण वेगळा खेळ खेळलो असं वाटायला तेवढं अंतर लागतंच.

हे कसं फसतं तेही त्याच मालिकेत दिसतं. थ्री हाउसेसमध्ये (२०१९) चार वाटा आहेत, पण पहिला अर्धा भाग जवळपास सगळ्यांना समान, आणि उत्तरार्धातल्या दोन वाटांचे बरेच नकाशे तेच. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला तीच शाळा पहिल्यापासून पुन्हा करावी लागते. फाटा उशिरा ठेवायचा असेल तर तिथपर्यंत थेट उडी मारायची सोय द्या. टॅक्टिक्स ऑग्रेच्या २०१० च्या आवृत्तीत तशी आहे: कथेच्या आधीच्या टप्प्यावर परत जाऊन दुसरी वाट धरता येते आणि फौज सोबत राहते.

अडीचघर

तिरकाउंट, मुद्दा मान्य आहे आणि आकडेही तुमच्या बाजूचे आहेत. १-१-(३+३)-१-१ करा: नकाशे दहा, एका खेळात सात, मार्ग फक्त दोन. माझ्या आराखड्यात बारा होते. टेस्टिंगच्या दृष्टीने दोन मार्ग म्हणजे सुख. पण त्या दोन वाटांनी येणाऱ्या फौजा तीन मिशनं वेगळ्या वाढलेल्या असतात, त्यामुळे जोड एकच असला तरी जास्त अवघड.

नकाशे वाचवायची एक रीत सांगून ठेवतो: दोन्ही वाटांवर तीच लढाई, पण समोरासमोरच्या बाजूंनी. एकीत तुम्ही किल्ल्यात, दुसरीत वेढा घालणारे. नुसते झेंडे बदलून मात्र होत नाही. तीन गोष्टी नव्याने कराव्या लागतात:

- दोन्ही बाजूंच्या भरतीच्या षटकोनांची संख्या. एआयला दोन षटकोन दिले होते तिथे माणसाला सहा लागतात.
- गावांची वाटणी. एआय तोट्यात जगतो कारण त्याला आपण वरून गोल्ड दिलेलं असतं.
- दिवस-रात्रीची सुरुवात. वेसनॉथमध्ये लॉफुल युनिटांना दिवसा २५ टक्के जास्त आणि रात्री तितकंच कमी नुकसान करता येतं. पहिली गाठ कितव्या टर्नला पडते हे मोजा आणि सुरुवातीची वेळ त्यावरून मागे न्या.

मोहरा

एकच लांब फाटा आणि आधी-नंतर छोटे बदल, असं डोक्यात बसतंय. पण पुलाची निवड संवादातून विचारावी की नकाशावर करवून घ्यावी? सध्या पुलाच्या मधल्या षटकोनावर पाऊल पडलं की दोन पर्यायांची खिडकी उघडते.

जुनासेव्ह

खिडकीपेक्षा कृती बरी, पण कृतीला कडेकोट बंदिस्त करावं लागतं. तुमच्या मूव्हटू इव्हेंटमध्ये (युनिट ठरावीक षटकोनावर आलं की चालणारा कोड) काय काय घडू शकतं बघा.

शत्रूचा घोडेस्वार आधी पुलावर पोचला तर इव्हेंट त्याच्यासाठीही चालतो. फिल्टरमध्ये बाजू १ लिहा. नाहीतर पूल जाळायचा निर्णय एआय घेऊन बसेल.

इव्हेंट मुळात एकदाच चालतो. खेळाडूने "आत्ता नको" निवडलं तर तो संपला, पुन्हा विचारणार नाही. "आत्ता नको" ठेवायचं असेल तर फर्स्ट टाइम ओन्ली "नो" करा आणि निर्णय झाल्याची खूण व्हेरिएबलमध्ये ठेवा.

खेळाडू पुलाकडे फिरकलाच नाही आणि उथळ पाण्यातून पलीकडे जाऊन शत्रूचा सेनापती मारला, तर? शेवटचा शत्रू सेनापती पडला की मिशन आपोआप जिंकलं जातं आणि सिनॅरिओच्या माथ्यावर लिहिलेल्या पुढच्या मिशनवर उडी जाते. तुमची निवड झालेलीच नसते. व्हिक्टरी व्हेन एनिमीज डिफिटेड "नो" करा आणि शेवट स्वतः हाताळा. न जाळलेला पूल म्हणजे राखलेला पूल, असा निकाल तिथे स्पष्ट लिहून टाका.

आणि खिडकीऐवजी: पुलाजवळ तेलाची पिंपं ठेवा. एक युनिट तिथे सलग दोन टर्न थांबलं तर पूल जळतो. ते युनिट लढाईतून दोन टर्न बाहेर जातं, म्हणजे निवडीची किंमत खेळाडू युनिटांत मोजतो. हे उद्दिष्टांच्या यादीत मात्र लिहिलंच पाहिजे.

षटकोन

फ्लॅगबद्दल, कारण पुढे सगळे बग इथूनच येतात.

हो/नाही अशा दहा फ्लॅगच्या १०२४ अवस्था होतात. त्यातल्या बहुतेक कधी उद्भवत नाहीत, पण कुठल्या उद्भवत नाहीत हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. म्हणून एका पात्रासाठी "जिवंत", "भेटला", "रागावला" असे तीन फ्लॅग करू नका. एकच आकडा ठेवा: ० भेटलाच नाही, १ सोबत आहे, २ सोडून गेला, ३ मेला. मेलेला सरदार सहाव्या मिशनमध्ये सल्ला देतो तो प्रसंग नेहमी हो/नाही फ्लॅगमुळे घडतो. "मेला नाही" तपासलं जातं, आणि जो भेटलाच नाही तोही मेलेला नसतो.

नावात मिशनचा क्रमांक घाला, म्हणजे मि०१_पूल, मि०४_सरदार. आठव्या मिशनमध्ये अट लिहिताना ती कुठून आली हे शोधावं लागत नाही. व्हेरिएबल मोहीमभर टिकतात. तात्पुरतं असेल ते त्या मिशनच्या शेवटी पुसा.

अटींची साखळी लिहिताना शेवटी "यातलं काहीच नाही" ही शाखा असलीच पाहिजे, आणि तिने कथा थांबवायची नाही. समाईक, रंगहीन मजकूर दाखवून पुढे जायचं. मोहीम प्रकाशित झाल्यावर तुम्ही नवा फ्लॅग घालाल, तेव्हा लोकांच्या जुन्या सेव्हमध्ये तो रिकामा असेल. त्यांना हीच शाखा सांभाळते.

आणि रिकॉल, म्हणजे आधीच्या मिशनमधलं युनिट परत बोलावणं. यादीत नसलेल्या युनिटला रिकॉल केलं तर नकाशावर कुणी उतरत नाही. त्याच्या तोंडी संवाद असेल तर तोही गळतो, आणि पुढचा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तिरकाउंट

संवादांसाठी माझी पद्धत: जोडाच्या मिशनचा मजकूर आधी पूर्ण तटस्थ लिहायचा, कुठल्याही वाटेने आलेल्याला चालेल असा. मग त्यातली तीनच ठिकाणं वाटेनुसार बदलायची. सुरुवातीची दोन वाक्यं, मध्यावरचा एक प्रसंग (पूल शाबूत असेल तर शत्रूची कुमक सातव्या टर्नला येते, जळाला असेल तर अकराव्याला), आणि एक नाव असलेलं युनिट जे एकाच वाटेवर मिळतं. तिघांपैकी मधलं सर्वांत महत्त्वाचं. संवाद लोक भराभर पुढे ढकलतात, कुमक मात्र ढकलता येत नाही.

आणि एक चांगली, एक वाईट अशी वाट करू नका. ट्रायअँगल स्ट्रॅटेजीमध्ये (२०२२) तुमच्या कृतींची तीन मूल्यांत नोंद होते आणि पहिल्या खेळात ते आकडे दिसत नाहीत. त्यामुळे लोक मापावर डोळा ठेवून नव्हे, प्रसंग बघून बोलतात. एखाद्या निवडीपुढे "+१० सन्मान" लिहिलं की दुसरा पर्याय जवळपास मेलाच.

अडीचघर

त्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती. लपवायचं काय आणि दाखवायचं काय, याची गल्लत होऊ देऊ नका. जुनासेव्ह म्हणाले ती लढाईतली अट दाखवायची (तीन गावं, बारा टर्न). कथेतला परिणाम लपवायचा. उलटं केलेल्या मोहिमा खूप दिसतात.

टेस्टिंग असं करा. आधी नकाशे न बनवता पूर्ण मोहीम रिकाम्या सिनॅरिओंवर उभी करा: दहा बाय दहाचं मैदान, एक सेनापती, सुरुवातीला मेसेजमध्ये सगळ्या फ्लॅगच्या किमती आणि पर्याय म्हणून त्या मिशनचे निकाल. सगळे मार्ग अर्ध्या तासात चालून होतात आणि चुकीच्या ठिकाणी जाणारे दुवे तिथेच सापडतात. त्याआधी कथेचा नुसता ओघ बघायला ट्वाइन (फाट्यांच्या कथा लिहायचं साधन) पुरतं. इंक (तशाच कथांसाठीची भाषा) शिकलात तर व्हेरिएबलही त्यातच तपासता येतात.

खरे नकाशे आल्यावर प्रत्येक जोड दोन फौजांनी खेळा: एक किमान गोल्ड आणि बिनअनुभवी युनिटांची, दुसरी कमाल गोल्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या युनिटांची. प्रत्येक वाटेसाठी या दोन. तुमच्या दोन मार्गांना प्रत्येक जोडामागे चार खेळ झाले. कमकुवत फौज जिंकू शकली पाहिजे, मजबूत फौजेला निम्म्या टर्नच्या आत संपवता येता कामा नये.

डीबग मोडमध्ये (चुका शोधायची सोय) चूज लेव्हल या आज्ञेने थेट सहाव्या मिशनवर जाता येतं, पण तसं गेल्यावर आधीचे फ्लॅग रिकामे असतात आणि रिकॉल यादीही. तिथे दिसलेले निम्मे बग खरे नसतात. त्यामुळे प्रत्येक मिशनच्या सुरुवातीचं एक सेव्ह दर वाटेमागे जपून ठेवा. कोड बदलला की मिशनच्या सुरुवातीचं सेव्ह उघडा, मधलं नको. मधल्या सेव्हमध्ये जुने इव्हेंट साठवलेले असतात आणि केलेली दुरुस्ती दिसतच नाही.

मोहरा

सुधारित आराखडा: १-१-(३+३)-१-१, दहा मिशनं. पूल पहिल्या मिशनमध्ये, तेलाच्या पिंपांसह. त्याचा परिणाम दुसऱ्या मिशनच्या कुमकीवर. मोठा फाटा दुसऱ्याच्या शेवटी, बंदर की डोंगर. दोन्ही वाटांचं तिसरं मिशन एकाच नकाशावर, समोरासमोरच्या बाजूंनी. जोडाआधी कॅरीओव्हर ४० टक्के, किमान १५०. दोन्ही वाटांवर दोन-दोन लॉयल: बंदराकडे जलयुनिट, डोंगराकडे घोडेस्वार. एका खेळात आठऐवजी सात मिशनं होतात, ते चालेल.

षटकोन

जलयुनिट काढा. जोडाच्या नकाशावर नदी नसेल तर बंदराच्या वाटेने आलेल्याचे दोन्ही लॉयल जमिनीवर बसून राहणार, आणि नदी ठेवलीत तर डोंगरवाल्याला ती फुकटची अडचण. तिथे तिरंदाज द्या. बाकी ठीक. रिकाम्या सिनॅरिओंची मोहीम तयार झाली की फाइल इथे टाका, दुवे तपासून देतो.